सातवा रकाना

अन्याय हिराबाईवर झाला. होळीच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी साडेनऊला. ती अंजूरहून रिक्षाने सुकटीची टोपली घेऊन भिवंडीत उतरली, आमच्या टायपिंग क्लासच्या जिन्यापाशी आली आणि जिन्याखाली आपल्या जागेत तिला जनरेटर बसलेला दिसला. पंधरा वर्षं ती तिथे बसत होती. जनरेटर आदल्या संध्याकाळी आला होता. त्याच्याभोवती लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि वर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं, "येथे बसू नये." रंग अजून ओला होता. तिच्या पदराला लागला.

तिचं नाव मी तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिव गो बाय. आता काय जायाचं ऱ्हायलंय?"

विचारून लिहितेय हे मुद्दाम सांगते, कारण एकदा ते न विचारता लिहिलं गेलं होतं. लिहिणारे होते आमचे सर. त्यांचं नाव मात्र मी लिहिणार नाही. विचारलं असतं तर ते आनंदाने हो म्हणाले असते, वर पत्ता, जन्मतारीख आणि रक्तगटही लिहायला लावला असता. भिवंडीत त्यांना 'टायपिंगवाले सर' याखेरीज कोणी काही म्हणत नसे. तेच पुरे.

क्लास म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. अकरा टाइपरायटर, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. शेजारच्या गल्लीत लूमचे कारखाने. दिवसभर खटखट, खटखट, जमीन हलायची. दुसरा कोणी असता तर खिडक्या बंद करून घेतल्या असत्या. सरांनी खिडक्यांची दारंच काढून ठेवली होती. "कान उघडे ठेवा," ते म्हणायचे, "बाजूला फुकट मास्तर बसलाय." लूमच्या ठेक्यात टाइप करायचं, ही त्यांची पद्धत. भारनियमनात लूम थांबले की अख्ख्या वर्गाचा स्पीड पडायचा, आणि सर हातातल्या पट्टीने टेबलावर लूम वाजवायला लागायचे.

मी गणेशपुरीकडची. एसटीने येऊन-जाऊन टायपिंग शिकत होते आणि उरलेल्या वेळात, खाडीकाठची शेतं वाचवायला निघालेल्या आमच्या मंडळाची पत्रकं वाटत होते. पत्रकं लिहिणारीही मीच. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला एका पानात, पाठपोट, देता येत होतं.

सरांच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर बॅकस्पेसचं बटण नव्हतं. त्यांनी ते स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं होतं आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. टाइपरायटरवर खोडता येत नाही, मग इथे का खोडायचं, असा त्यांचा सवाल.

आमच्या बॅचची नसरीन एकदा म्हणाली, "सर, उँगली फिसल गई."

"फिसली ना? तो दिखने दो. सबकी फिसलती है. जिसकी नहीं दिखती, उससे डरो."

"पण सर, परीक्षेत मार्क जातील."

"जाऊ देत. मार्क जातील, माणूस राहील."

नसरीन माझ्या कानात पुटपुटली, "माणूस बेकार राहील." सरांनी ते ऐकलं आणि तिला वर्गात पुटपुटल्याबद्दल आणखी एक पान टाइप करायला दिलं. त्या पानाच्या शेवटी मात्र त्यांनी स्वतःच पेन्सिलीने लिहिलं, "मुद्दा बरोबर आहे."

तर असे सर ब्लॉग लिहायचे. ब्लॉग म्हणजे काय हे तेव्हा भिवंडीत दहा माणसांना माहीत असेल. ते लिहायचे खाडीकाठच्या शेतांबद्दल. अंजूरच्या बाजूला भाताची शेतं होती, अजून थोडी आहेत. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक दार. त्या दाराला उघाडी म्हणतात. ती कोणी माती टाकून बुजवली, की पावसाचं पाणी शेतातच तुंबतं. एक वर्ष भात कुजतो, दुसऱ्या वर्षी कुजतो, तिसऱ्या वर्षी शेतकरी स्वतःच दलालाला फोन करतो. चौथ्या वर्षी तिथे गोडाऊन उभं असतं. कोणावर जबरदस्ती झालेली नसते. सगळे कागद बरोबर असतात.

सर हे लिहायचे आणि त्याआधी, प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर, एक ओळ लिहायचे. तिला ते कबुली म्हणायचे. पहिली कबुली कायमची होती: "अंजूरला माझी वडिलोपार्जित जमीन होती. ती मी गोडाऊनवाल्याला विकली. त्या पैशातून हा कॉम्प्युटर आला. हे वाचा आणि मग पुढचं वाचायचं की नाही ते ठरवा."

त्याखाली रोजची कबुली. "आज दुसरा चहा एका जुन्या विद्यार्थ्याने पाजला. तो हल्ली बिल्डरकडे कामाला आहे. चहात साखर जास्त होती, मजकुरात तशी वाटल्यास कळवावे." एका पुढाऱ्याने सत्काराची शाल पाठवली तेव्हा कबुली आली: "शाल मिळाली. किंमत अजून मागितलेली नाही." ती शाल पुढे कायम प्रिंटरवर पांघरलेली असे, धूळ बसू नये म्हणून.

लोक तोंडावर विचारायचे, "तू स्वतः जमीन विकलीस, आणि आमाला कसलं ग्यान देतोस?"

"विकली म्हणून तर माहीत आहे ना, कशी विकायला लावतात."

आता नेटवर हे वाचणार कोण? म्हणून सर प्रत्येक मजकुराची प्रिंट काढून जिन्याच्या भिंतीला चिकटवायचे. खाली हिराबाईची सुकट, वर सरांचा ब्लॉग. सुकट घ्यायला आलेल्या बायका हिराबाई वजन करेपर्यंत भिंत वाचायच्या. शिफ्ट सुटलेले कारागीर वाचायचे, ज्यांना मराठी येत नसे त्यांना दुसरे हिंदीत सांगायचे. आणि आम्हा विद्यार्थ्यांची तर सुटकाच नव्हती. सर रोजचा मजकूर आम्हाला स्पीडच्या सरावाला द्यायचे. बाकी क्लासमध्ये मुलं 'महोदय, आपणांस विनंती की' टाइप करत होती. आम्ही उघाडी टाइप करत होतो.

आता माझी कबुली. इथे ती यायलाच हवी.

खाडीकाठच्या कोणत्या शेताचं गोडाऊन होऊ द्यायचं, हे ठरवायला एक सरकारी समिती होती. तिच्या बैठकीत गावकरी म्हणून जी माणसं उठून बोलायची, त्यातली निम्मी बिल्डरची असत. आमच्या मंडळाने मागणी केली की समितीपुढे जो कोणी दुसऱ्यासाठी शब्द टाकायला येईल, त्याने तो कोणाचा माणूस आहे, त्याला कोण काय देतं, ते लिहून द्यावं. मागणी योग्य होती. आजही योग्य आहे. सर तर त्या मागणीवर इतके खूश झाले की त्यांनी पत्रकाच्या टायपिंगचे पैसे घेतले नाहीत, आणि आपल्या कबुलीत तेही लिहिलं.

पण त्याच सुमारास दुसरा एक ब्लॉग निघाला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. गोडाऊन म्हणजे रोजगार, उघाडी-बिघाडी सगळ्या अफवा, टायपिंगवाल्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तो ब्लॉग बिल्डरच्या ऑफिसातून लिहिला जातो हे नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनाही माहीत होतं, सिद्ध कोणालाच करता येत नव्हतं. माझं डोकं तापलं. पुढच्या पत्रकात मी एक वाक्य जाड टायपात घातलं: "इंटरनेटवर लिहिणाऱ्यांनाही हाच नियम लावा! कोण लिहितो, कोण पैसे देतो, कोण माहिती पुरवतो, सर्व जाहीर झालेच पाहिजे!"

मी मोठ्या अभिमानाने पत्रक सरांच्या टेबलावर ठेवलं. सर टायपिंगच्या चुकांना लाल पेन्सिलीने गोल करायचे. त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या अख्ख्या वाक्याभोवती गोल काढला.

"सर, चूक कुठाय? शब्द सगळे बरोबर आहेत."

"ही चूक टायपिंगची नाही."

"मग कसली?"

"साहेबाच्या केबिनमध्ये शिरून कानात बोलतो, त्याला विचार तू कोणाचा. विचारायलाच पाहिजे. कारण तो काय बोलला ते आपल्याला ऐकू येत नाही. मी जिन्याच्या भिंतीवर बोलतो. माझं सगळं गाव वाचतं, पटलं नाही तर येऊन शिव्या देतं. दोघांना एकच फॉर्म?"

"पण तुम्ही तर रोज कबुली देता. तुम्हाला काय अडचण?"

"मी कबुली वाचणाऱ्याला देतो. तू ती साहेबाला द्यायला लावतेस. आणि माहिती कोण पुरवतो ते? ते कोणाला पाहिजे? वाचणाऱ्याला की साहेबाला?"

"आणि तो बिल्डरचा ब्लॉग? तो असाच मोकाट सोडायचा?"

"त्याला उत्तर लिही. रोज लिही. हात दुखेपर्यंत लिही."

मी म्हणाले, "सर, तुम्ही घाबरताय."

सर हसले. "घाबरतोय. तूपण घाबर थोडी."

मी घाबरले नाही. हजार प्रती काढल्या आणि अंजूर नाक्यापासून वाटत आले. समितीने आमचं निवेदन हसतमुखाने स्वीकारलं. इतकं हसतमुखाने की तिथेच मला शंका यायला हवी होती. कागदाला कागद लागायला त्यांना दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत ते घडलं.

एका दुपारी लाइट गेलेले, लूम थांबलेले, सर पट्टीने टेबल वाजवतायत, आणि हिराबाई जिना चढून वर आली. ती कधी वर येत नसे. हातात वर्तमानपत्रात बांधलेला सुकटीचा पुडा.

"सर, उघारी बुजवली," ती दारातूनच म्हणाली. "दोन डंपर माती. माझ्या डोल्यासमोर. डंपरवाला मना बोलतो, म्हातारे, बाजूला हो, न्हायतर तुलापन गारतो."

"डंपर कोणाचा?"

तिने सांगितलं. नंबरही सांगितला, लक्षात राहावा म्हणून तिने तो रस्ताभर घोकला होता. सरांनी लिहून घेतलं. ती निघताना पुडा टेबलावर ठेवून गेली. सर पैसे घेऊन मागे धावले. तिने घेतले नाहीत.

लाइट आल्यावर सरांनी लिहिलं. डंपरचा नंबर, दिवस, वेळ, जागा, सगळं. सांगणारीचं नाव कुठेही नाही, एवढी काळजी त्यांनी घेतली. आणि मग, सवयीने, डोक्यावर कबुली लिहिली: "आज हिराबाईने सुकटीचा पुडा दिला. पैसे देऊ केले, घेतले नाहीत."

अंजूरमधल्या लहान पोरालाही यातून कळलं असतं. त्या बांधाला लागून हिराबाईचंच शेत. पण आम्हाला कळलं नाही. सरांनी आम्हाला तो मजकूर सरावाला दिला आणि अकरा मशीनवर तिचं नाव अकरा वेळा टाइप झालं. माझ्याही मशीनवर. नसरीनने 'सुकटीचा' शब्द चुकवला म्हणून सरांनी त्याला गोल केला. तिच्या नावाला गोल करायचं कोणाला सुचलं नाही.

चार दिवसांनी जनरेटर आला.

इमारतीच्या मालकाचा बिल्डरशी धंदा होता. तो स्वतः वर आला, हात जोडून. "सर, तुमच्यासाठीच लावला हो. लाइट जाते, पोरांचं नुकसान होतं, मला बघवत नाही. क्लासला कनेक्शन फुकट."

"फुकट असेल तर मला कबुलीत लिहावं लागेल."

"लिहा की!"

"काय लिहू? हिराबाईला उठवलं, त्याचा उजेड मिळाला?"

मालकाचे जोडलेले हात सुटले. "ती भाजीवाली, मच्छीवाली, अशा पन्नास येतात. तिच्यासाठी तुम्ही अंधारात बसणार?"

"टाइपरायटरला लाइट लागत नाही," सर म्हणाले. आणि खरोखर, त्या दिवसापासून भारनियमनात आमचा क्लास सोडून सगळ्या इमारतीत पंखे फिरायचे. आम्ही घामाने निथळत टाइप करत होतो आणि खाली तो जनरेटर गुरगुरत होता. दोन मुलांनी क्लास सोडला. नसरीन म्हणाली, "सर, वह मशीन भी टाइपिंग सीख रही है, स्पीड अच्छी है उसकी." सर हसले नाहीत. जनरेटर आल्यापासून ते हसतच नव्हते.

त्याच आठवड्यात सर हिराबाईकडे गेले. मला बरोबर नेलं.  हिराबाई ओसरीवर बसली होती. न विकलेली सुकट समोर कापडावर पसरलेली. तिने आम्हाला पाणी दिलं, मग बोलायला लागली.

"सर, मी पुडा दिला तो तुमाला दिला. गावाला दाखवाया न्हाय दिला."

"चुकलं माझं."

"तुमचा खरेपना तुमीच नेसा ना. मना कशाला नेसवता?"

मी मध्ये पडले. म्हणाले, मावशी, सरांचा हेतू तसा नव्हता. ती माझ्याकडे वळली. "हेतू मना नको सांगू. हेतूवर बसून सुकट इकता येत असली तर सांग, मी टोपली घेऊन येते."

सर खाली मान घालून बसले होते. पन्नाशी उलटलेला, अर्ध्या भिवंडीला टायपिंग शिकवलेला माणूस, चुकीचा शब्द सापडलेल्या विद्यार्थ्यासारखा. उठताना त्यांनी सुकट विकत मागितली. तिने दिली, पैसे घेतले, आणि म्हणाली, "हे लिवू नका."

त्या रात्री, म्हणजे सात वाजता, लाइट आल्यावर, सर कॉम्प्युटरपुढे बसले. ड्रॉवर उघडून तपकिरीची डबी काढली. नसरीन आणि मी बघत होतो. त्यांनी डबी टेबलावर ठेवली, झाकण उघडून आतलं बटण बघितलं आणि परत ड्रॉवरमध्ये टाकली. ती ओळ त्यांनी पुसली नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळून चुकलं होतं. आता पुसलं असतं तर फक्त स्वतःची चूक पुसली गेली असती. त्याखाली त्यांनी लिहिलं: "चूक: एका बाईचं नाव तिला न विचारता लिहिलं. चूक माझी, शिक्षा तिला. यापुढे मी काय घेतलं ते सांगीन. मला कोणी सांगितलं ते सांगणार नाही."

ही ओळ आम्ही सरावाला इतक्या वेळा टाइप केली की ती अजूनही माझ्या बोटांत आहे. बातमी घेऊन कोणी जिना चढून आलं की सर आधी हाताकडे बघायचे. "काही आणलंय? मग आधी खाली ठेवून या. मोकळ्या हाताने वर या आणि बोला."

आणि मग समितीचा फॉर्म आला.

"आपण इंटरनेटवरील लेखनाद्वारे समितीच्या निर्णयांवर प्रभाव टाकीत असल्याने," असं पत्र. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. "प्रभाव! ऐकलं का? माझं नेटवर वाचणारी माणसं तीस. त्यात तुम्ही नऊ, आणि उरलेले बिल्डरच्या ऑफिसातले." फॉर्मला सात रकाने होते. नाव, पत्ता, व्यवसाय, मालमत्ता, मिळालेले लाभ, लेखनाचा हेतू. आणि सातवा: "माहिती व साहाय्य पुरविणाऱ्या सर्व व्यक्तींची नावे व पत्ते."

'माहिती पुरवतो.' माझा शब्द. माझ्या पत्रकातून उचललेला.

सरांनी लाल पेन्सिल खिशाला अडकवली. फॉर्म टाइपरायटरला लावला आणि लूमच्या ठेक्यात भरायला बसले. मालमत्तेत विकलेली जमीन लिहिली. लाभांच्या रकान्याला त्यांनी सुरुवातीपासूनच्या सगळ्या कबुल्या जोडल्या, चहासकट, शालीसकट. जाडजूड बाड झालं, सुतळीने बांधलं. हेतूच्या रकान्यात लिहिलं, "उघाडी उघडावी." सातवा रकाना आला तेव्हा त्यांनी कागद गर्रकन वर ओढून घेतला.

समितीच्या ऑफिसात मी त्यांच्याबरोबर गेले. सचिवाने बाड उलगडलं, चाळलं, हसला. चांगला माणूस होता, वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "सर, सातवा राहिलाय."

"राहिला नाही. ठेवलाय."

"अहो, 'निरंक' लिहा ना. सगळे तेच लिहितात. तो दुसरा ब्लॉगवाला काल येऊन भरून गेला, एका पानात. सगळीकडे निरंक. शिक्का मारून दिला मी त्याला."

"निरंक म्हणजे कोणी नाही."

"हो, तेच."

"पण माझ्याकडे आहेत. मला सांगणारी माणसं आहेत. नाहीत असं लिहिलं तर खोटं होईल. आणि आहेत ती मी सांगणार नाही."

"मग मी काय करू? कोरा घेता येत नाही."

"जिन्याखालची जागा आधी परत द्या," सर म्हणाले. "मग या जागेचं बघू."

सचिवाला जिना कळला नाही, किंवा कळला आणि त्याने तसं दाखवलं नाही. तो माझ्याकडे वळला. "आणि मॅडम, तुम्ही यांच्याबरोबर? ही तर तुमचीच मागणी." त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून माझं पत्रक काढलं. ते जाड टायपातलं वाक्य हिरव्या शाईने अधोरेखित केलेलं. "आम्ही फक्त अंमल केला."

 सरांच्या खिशाला लाल पेन्सिल होती. ती मी उपसली आणि सचिवाच्या टेबलावर, त्याच्या देखत, त्या वाक्याभोवती गोल काढला.

"अहो, हे रेकॉर्ड आहे!"

"ही चूक टायपिंगची नाही," मी म्हणाले. "माझी आहे. रेकॉर्डवर राहू द्या."

सरांनी पेन्सिल परत घेतली, तिचं टोक तपासलं आणि म्हणाले, "गोल जरा वाकडा आलाय." महिन्याभरानंतर पहिल्यांदा हसले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की संताप येतो. खोटं लिहिणाऱ्या ब्लॉगला 'नोंदणीकृत' असा शिक्का मिळाला, आणि तो शिक्का त्यांनी ब्लॉगच्या डोक्यावर छापला. फॉर्मवर लेखक म्हणून नाव होतं गोडाऊनच्या वॉचमनचं. तो बिचारा सही मोठ्या कष्टाने करायचा. आणि ज्या एका माणसाने चहाच्या साखरेपर्यंत सगळं उघड केलं होतं, त्याचं नाव समितीच्या फळ्यावर लागलं: "अघोषित लेखक." सरांनी त्या फळ्याचा फोटो काढून आणला आणि आपल्या ब्लॉगच्या डोक्यावर लावला. मालकाने जिना रंगवून घेतला आणि भिंतीवर काही चिकटवायला मनाई केली. सरांनी प्रिंट स्वतःच्या पाठीला सेफ्टीपिनने लावल्या आणि संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्यांच्या गल्लीतून फेऱ्या मारायला लागले. लोक मागून चालत वाचायचे. एखादा ओरडायचा, "सर, हळू चला, दुसरा पॅरा राहिला!" आणि सर थांबायचे.

दोन वर्षांनी मालकाने खोली काढून घेतली. शेवटच्या मजकुराची कबुली होती: "जाताना जनरेटरला हात लावलेला नाही. इच्छा झाली होती." आता ते गणेशपुरीला असतात. एसटी स्टँडशेजारी एक टाइपरायटर घेऊन बसतात, लोकांचे अर्ज लिहून देतात. तिथे लूम नाहीत, म्हणून स्पीड गेला, अशी त्यांची तक्रार आहे. निघताना त्यांनी ती तपकिरीची डबी माझ्या हातात ठेवली. मी म्हणाले, "सर, मी काय करू याचं?" म्हणाले, "सांभाळ. आणि लावू नको."

उघाडी अजून बुजलेली आहे. हिराबाई अंजूर नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या कडेला, उन्हात बसते. तिने शेत विकलेलं नाही. दोन पावसाळे भात कुजला, तरी नाही. तिला विचारलं का नाही विकलं, तर म्हणते, "इकलं तर ते बोलतील, बघा, म्हातारी उगाच कोकलत व्हती."

आणि आता समितीला तोच फॉर्म अख्ख्या तालुक्याला लावायचा आहे. ब्लॉग लिहिणारा, पत्रक काढणारा, फळ्यावर खडूने लिहिणारा, सगळ्यांना. हरकतींवर सुनावणी ठेवली आहे. सुनावणीच्या दारातच टेबल मांडून फॉर्म देणार आहेत. समितीपुढे बिल्डरची वकिली करायला येणाऱ्याने तो पूर्ण भरावा, ही आमची मागणी कायम आहे. ती मागे घ्यायला मी कोणाचीही बांधील नाही. चौकात स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्याचं सांगायचं, तर त्याने काय घेतलं ते वाचकाला सांगावं. त्याला कोणी सांगितलं ते कोणीही मागू नये.

कबुली: हे लिहिण्यासाठी मी कोणाकडून काही घेतलेलं नाही. हिराबाईकडून सुकट विकत घेतली. ज्या वाक्याविरुद्ध हे लिहिलं आहे, ते वाक्य माझं आहे.

तेव्हा तुम्ही या. सुनावणीला या, दारातला फॉर्म घ्या, तिथेच उभे राहून भरा. आपलं नाव खरं लिहा, जमीन असेल तर लिहा, विकली असेल तर तेही लिहा, कोणाचा चहा प्यायलात ते लिहा. सातव्या रकान्याशी आलात की पेन खाली ठेवा. टेबलामागचा माणूस हळूच सांगेल, निरंक लिहा, सगळे तेच लिहितात. लिहू नका. रकाना कोरा ठेवून फॉर्म त्याच्या हातात द्या, आणि त्याला विचारा, हिराबाईची जागा कधी देताय?